बरणीतली पिठीसाखर

गुनारा गावात कुणी नवीन राहायला आलं की महिला मंडळाच्या बायका त्याला हॉलमध्ये बोलावून खाऊ घालतात. नाही म्हणायची सोय नसते. फेब्रुवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या शनिवारी दुपारी तीन नवी बिऱ्हाडं समोर बसवून त्यांना ऑस्ट्रेलिया खायला घालणं चालू होतं, आणि बाहेर बेचाळीस डिग्रीच्या उन्हात गव्हाची कोठारं भाजून निघत होती.

टेबलावर पुढे खिमा भरलेले मीट पाय आणि टोमॅटो सॉस. मग लोणी लावून रंगीत साखरदाणे पेरलेला फेअरी ब्रेड, भोपळ्याचे स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, ओटची अँझॅक बिस्किटं. मधोमध पॅव्हलोव्हा, अंड्याच्या पांढऱ्याचा फुगीर केक, उकाड्यानं एका अंगाला कललेला, म्हणून सगळ्याजणी त्याच्याकडे न बघता त्याची तारीफ करत होत्या. आणि शेवटी नोला प्रिडमोरचे लॅमिंग्टन, केकचे चौकोन चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेले, सगळे एका मापाचे. शेजारच्या गावात लॅमिंग्टनच्या पोटात जॅम भरतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

नोला चौऱ्याहत्तर वर्षांची. नवरा कीथ जाऊन सहा वर्षं झाली होती. एकेचाळीस वर्षं मंडळाचे लॅमिंग्टन तिच्याच हातचे, आणि तिच्या डाव्या बाजूला उभी असलेली थेल्मा रिग्बी तितकीच वर्षं मंडळाची अध्यक्ष. दोघींनी एकमेकींच्या पोरांना ओरडून वाढवलं होतं.

"पातळ लाव, पातळ!" थेल्मा नव्या माणसावर खेकसली. "व्हेजिमाइट आहे ते, डांबर नव्हे. भिंत नाही रंगवायची तुला."

तो रोडेल सलोंगा, परदेशातून आलेला. धान्याच्या डेपोवर कामाला लागून त्याला तीनच आठवडे झाले होते. त्याची बायको मॅरिव्हिक गावच्या हॉस्पिटलात नर्स. दोन वर्षं रिकामी असलेली जागा तिच्यामुळे भरली, म्हणून गाव तिच्यावर भलतंच खूष होतं. रोडेलनं तो काळा, खारट लेप लावलेला टोस्ट तोंडात घातला, डोळ्यांत पाणी आणलं आणि शहाण्यासारखा म्हणाला, "छान आहे."

"खोटारडा," थेल्मा खूष होऊन म्हणाली. "टिकशील इथे."

नोला हसली. त्या दिवशी तिचं सगळं नीट चाललं होतं. गेल्या वर्षभरात असे दिवस ती मोजायला लागली होती. मधे एकदा रिकामी किटली शेगडीवर जळून काळी झाली. एकदा कोठारांपाशी गाडी थांबवून, घर डावीकडे की उजवीकडे, हे आठवेपर्यंत ती अर्धा तास बसून राहिली होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. लेक लीॲन जिलाँग शहरात राहायची आणि दर रविवारी फोनवर गोड आवाजात विचारायची, "मग आई, त्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक वाचलंस का?" किटलीचं एकदा कळायचा अवकाश, की घर, गाडी, कोंबड्या सगळं एका महिन्यात आवरलं जाईल, हे नोला ओळखून होती. म्हणून ती सावध राहायची. सगळं लिहून ठेवायची आणि लिहिलेलं लपवायची.

"हात मेल्यांनो!" थेल्मानं टेबलाच्या कडेवर फडकं आपटलं. "मुंग्या बघ गं, नोला. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून थेट रांग लावलीय. तुझं ते औषध आण ना उद्या. नवीन केलंयस म्हणालीस ना?"

"हो, केलंय की. मंगळवारीच," नोला म्हणाली.

आणि तिची नजर लॅमिंग्टनच्या ताटावर गेली.

औषध म्हणजे काय, तर तीन वाट्या पिठीसाखर आणि एक वाटी टाकणखार. बोरॅक्स म्हणतात तो. साखरेच्या लोभानं मुंग्या ते वारुळात नेतात आणि वारूळ बसतं. नोलाची आई करायची, तिची आईही करायची. मंगळवारी नोलानं ते केलं तेव्हा पिठीसाखरेचा पुडा संपला होता. तळ झटकून संपवला होता. पुडा चुरगळून टाकल्याचं आणि यादीत 'पिठीसाखर' लिहिल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. तयार औषध एका जुन्या बरणीत भरलं, पिवळ्या झाकणाच्या. वर चिठ्ठी चिकटवायची होती, पण पेन चालेना, म्हणून बरणी तशीच दुसऱ्या फळीवर ठेवून दिली.

आज पहाटे पाच वाजता, ऊन चढायच्या आत, तिनं लॅमिंग्टनचं चॉकलेट केलं. कोको, लोणी, गरम दूध आणि पिठीसाखर. साखर काढली ती दुसऱ्या फळीवरून. पिवळ्या झाकणाच्या बरणीतून.

मंगळवारी साखर संपली होती, तर आज चाळलं ते काय होतं?

बाजारात गेल्याचं तिला आठवेना. तिनं बुधवार आठवून पाहिला. बुधवारी कोंबड्यांचं खुराडं धुतलं. गुरुवार आठवून पाहिला, तर गुरुवारच्या जागी काहीच नव्हतं. शुक्रवारी केक भाजला. साखर आणल्याचं कुठेच नव्हतं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

ताटात अठ्ठेचाळीस लॅमिंग्टन होते. आता तीस उरले होते.

"काय गं? पांढरी पडलीस की," थेल्मा म्हणाली.

"उकाडा. बाकी काही नाही."

तिनं ताट उचललं आणि स्वयंपाकघराकडे चालू लागली. कचऱ्याच्या डब्यात ओतायचे, वर वर्तमानपत्र टाकायचं, पुढचं पुढे. दार ओलांडते न ओलांडते तोच थेल्मा मागे हजर.

"कुठे निघालीस ताट घेऊन? लोक अजून खातायत!"

"खोबरं खवट झालंय, थेल्मा. मला वास येतोय."

"तुझं खोबरं? खवट?" थेल्मानं एक लॅमिंग्टन उचलून अर्धा तोंडात कोंबला. "काहीही! मस्त झालाय. उगाच कौतुक करून घ्यायचंय तुला." तिनं ताट ओढून घेतलं आणि परत टेबलावर नेऊन ठेवलं. लगेच तीन हात पुढे आले.

नोला सिंकपाशी उभी राहिली. हे खरं सांगायला हवं, की ती तिथे चांगली दहा मिनिटं उभी राहिली. मनात हिशेब चालला होता. बोरॅक्स काही उंदराचं औषध नव्हे. एका लॅमिंग्टनमध्ये जाऊन जाऊन किती जाईल? चिमूटभर. मोठ्या माणसाला फार तर मळमळेल, आणि बेचाळीस डिग्रीत मळमळ कुणाला होत नाही? ती गप्प राहिली तर कदाचित कुणालाच कळणार नाही. आणि ती बोलली तर? सबंध गावासमोर सांगायचं की मी विष आणि साखर यांच्यात गोंधळ केला. संध्याकाळपर्यंत लीॲनला फोन जाईल. सोमवारी ती गाडी घेऊन दारात उभी असेल. नोलाला आपल्या घराची, त्या फळीची, पहाटेच्या त्या शेगडीची इतकी ओढ वाटली की तिला रडू फुटायला आलं.

मग बाहेरून एका लहान मुलीचं हसणं ऐकू आलं.

सलोंगांची ॲनलिन. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. नोला बाहेर आली. पोरीच्या हनुवटीपर्यंत चॉकलेट होतं आणि दोन्ही गालांवर खोबरं.

"किती खाल्लेस गं?" नोलानं विचारलं.

ॲनलिननं आईकडे बघितलं, मग तीन बोटं वर केली.

"चार," मॅरिव्हिक लाजून म्हणाली. "माफ करा मॅडम, मी अडवत होते. पण तिला इथलं एवढं काही आवडलंच नव्हतं आतापर्यंत. तुमच्या हाताला चव आहे."

बोटाएवढ्या मनगटाची पोर, आणि चार. आता हिशेब करायला काही उरलं नव्हतं.

"थांबा!" ती ओरडली. हॉलमध्ये ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. "कुणी खाऊ नका. लॅमिंग्टन खाली ठेवा. सगळे!"

पंखे फिरत राहिले. कुणीतरी हसलं, त्याला ही थट्टा वाटली.

"त्यात मुंग्यांचं औषध असेल. बोरॅक्स. मी पहाटे बरणी बदलली असावी. नक्की माहीत नाही, पण मला वाटतं बदलली." ती एका दमात बोलली. "माझ्या हातून झालंय."

मग खुर्च्या सरकल्या, बशा आदळल्या, सगळे एकदम बोलू लागले. रोडेलनं पोरीला उचलून घेतलं. मॅरिव्हिक मात्र ओरडली नाही. तिचा चेहरा क्षणभरात बदलला, मघाची लाजरी पाहुणी गेली आणि नर्स उभी राहिली.

"मॅडम, इकडे बघा माझ्याकडे. औषधात किती बोरॅक्स होता?"

"एक वाटी. तीन वाट्या साखरेला."

"आणि चॉकलेटमध्ये त्यातलं किती घातलंत?"

"चार वाट्या. नाही... तीन." नोलानं कपाळ दाबून धरलं. "मला नाही गं सांगता येत."

"बरणी कुठेय?"

"घरी."

"मग घरी जाऊन बघा, किती कमी झालंय. मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावते आणि हिला हॉस्पिटलात नेते. तिथे फोन करा मला. लगेच."

तेवढ्यात बापाच्या खांद्यावर ॲनलिन ओकली. भडाभडा, चॉकलेट, रंगीत साखरदाणे, सगळं. पोर घाबरून रडायला लागली आणि रोडेल आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत तिला घेऊन उन्हात पळाला. त्याचे शब्द नोलाला कळले नाहीत, पण त्यांचा अर्थ कळलाच.

थेल्मानं गाडी चालवली. नोलाचं घर दोन मिनिटांवर, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. थेल्मा एक हात पोटावर ठेवून गाडी हाकत होती. तिनंही दोन खाल्ले होते.

"तुला काही होतंय का?" नोलानं विचारलं.

"भीती वाटतेय," थेल्मा म्हणाली. "बाकी काही नाही. तू देवाचं नाव घे आणि गप्प बस."

नोलानं देवाला सांगितलं की पोरीला वाचव. बदल्यात घर घे, गाडी घे, मला लीॲनकडे पाठव, कुठेही पाठव.

स्वयंपाकघरात दुसऱ्या फळीवर एकच बरणी होती. पिवळं झाकण. वर चिठ्ठी नाही. आत पांढरी पूड, निम्म्याहून खाली गेलेली.

"हीच," नोला म्हणाली. ती खुर्चीत बसली.

थेल्मानं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि चाटलं.

"थेल्मा! वेडी आहेस का!"

"दोन खाऊन बसलेय, आता बोटानं काय होणार आहे?" तिनं जीभ फिरवली. "गोड लागतंय."

"औषधही गोडच लागतं. तीन वाट्या साखर असते त्यात!"

"हो की." थेल्मा सिंककडे धावली आणि चूळ भरू लागली. "मग ओळखायचं कसं, बाई? बोरॅक्सचं खोकं कुठे ठेवतेस? खोकं बघू, किती उरलंय."

"कपडे धुवायच्या खोलीत. यंत्राच्या वर."

थेल्मा तिकडे गेली. नोला बरणीकडे बघत बसली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आता हॉस्पिटलात पोरीला काय करत असतील, नळी घालत असतील का, तिचा बाप कुठे उभा असेल, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"नोला," आतून हाक आली. आवाज विचित्र होता. "इकडे ये."

यंत्राच्या वरच्या फळीवर बोरॅक्सच्या खोक्याशेजारी दुसरी बरणी होती. तीही पिवळ्या झाकणाची, गळ्यापर्यंत भरलेली. तिला चिकटपट्टीनं कागद लावला होता आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मुंग्यांचं औषध. विष. खायचं नाही. गुरुवार.' अक्षर नोलाचं. तिच्या शाळेपासून तसंच असलेलं, उजवीकडे झुकलेलं.

थेल्मानं कचऱ्याची टोपली उपडी केली. त्यात पिठीसाखरेचा रिकामा पुडा निघाला, आणि चुरगळलेली पावती. गुरुवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. एक किलो पिठीसाखर, एक पेन.

"अगं, साखर होती ती!" थेल्मा किंचाळली. "साधी साखर! तूच आणलीस, तूच बरणीत भरलीस, तूच औषध इकडे उचलून ठेवलंस! पोरगी नुसती अधाशासारखी खाऊन उन्हात नाचली म्हणून ओकली!" तिचा जीव भांड्यात पडला होता. ती हसायला लागली ती हसतच सुटली, भिंतीला टेकून, डोळे पुसत. "मेले आम्ही सगळे घाबरून! दोन चुळा भरल्या मी, नोला! थांब, फोन करते त्या बिचाऱ्यांना."

तिनं स्वयंपाकघरातून हॉस्पिटलला फोन लावला. नोलाला ऐकू येत होतं: हो, हो, नुसती साखर, शपथ घेऊन सांगते, बरणी भरलेली आहे, चिठ्ठीसकट. पोर कशी आहे? पाणी पितेय? आणि आइस्क्रीम मागतेय? मग थेल्माचं पुन्हा हसणं.

पोरगी वाचली होती. नोलानं हे मनात दोनदा म्हटलं, आणि खरोखर तिच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. पण तिच्या हातात ती बरणी होती. तिनं कागदावरून बोट फिरवलं. आपण दुकानात गेलो. कुणाशी तरी बोललो असू. पेन घेतलं. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिलं, चिकटपट्टी दातांनी तोडली. सगळं नीटनेटकं केलं, जसं शहाण्या माणसानं करावं. आणि तो सबंध दिवस तिच्याजवळ नव्हता. धूसर नव्हता, अर्धवट नव्हता. नव्हताच.

त्या क्षणी नोलाला वाटलं, लॅमिंग्टनमध्ये विष निघालं असतं तर बरं झालं असतं. बरणी बदलणं ही चूक आहे, चूक कुणाकडूनही होते. हे काय आहे त्याला ती चूक म्हणू शकत नव्हती. आणि मग रोडेलच्या खांद्यावरचा तो ओकलेला, रडका चेहरा तिला आठवला, आणि आपण काय वाटून घेतलं याची तिला इतकी लाज वाटली की तिनं तोंड झाकून घेतलं.

थेल्मा फोनवर हात ठेवून दारात आली. तिचं हसू ओसरलं. चाळीस वर्षांत तिनं नोलाला अशी पाहिली नव्हती.

"गुरुवारचं आठवत नाही तुला?" तिनं हळूच विचारलं.

नोलानं मान हलवली.

"काहीच?"

"काहीच नाही, थेल्मा. आणि हे पहिल्यांदा नाही."

थेल्मा तिच्याजवळ आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ. कुणाला कळायचं कारण नाही. उन्हानं चक्कर आली म्हणून सांगू. घाबरलीस, गोंधळ झाला, संपलं. मी बघते काय सांगायचं ते. लीॲनच्या कानावर काही जाणार नाही. गावाची तोंडं मी बंद करते, तू मला ओळखतेस."

नोला तिला ओळखत होती. थेल्मानं ठरवलं तर हे खरंच मिटलं असतं. घर राहिलं असतं, कोंबड्या राहिल्या असत्या. पुढच्या मंगळवारपर्यंत, नाहीतर त्याच्या पुढच्या. आणि पुढच्या वेळी चिठ्ठी लावायची राहून गेली तर?

"फोनवर कोण आहे?" नोलानं विचारलं.

"ती नर्स. मॅरिव्हिक."

"दे इकडे."

"नोला, अगं विचार कर—"

"दे म्हणते ना."

तिनं रिसिव्हर कानाला लावला. पलीकडे कुठेतरी ॲनलिनची बडबड चालली होती.

"मॅडम, ती अगदी बरी आहे," मॅरिव्हिक म्हणाली. "तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. सांगितलंत हे फार बरं केलंत."

"ऐक पोरी. ती साखर मीच आणली होती. विषाची बरणी मीच बाजूला ठेवली, त्यावर चिठ्ठीही मीच लावली. परवा, गुरुवारी. आणि मला त्यातलं काही आठवत नाही." तिनं श्वास घेतला. "वर्ष झालं असं होतंय. मी कुणाला सांगितलेलं नाही."

पलीकडची बडबड बंद झाली. मॅरिव्हिक बहुतेक दुसऱ्या खोलीत गेली असावी. ती बोलली तेव्हा अगदी सावकाश बोलली.

"तुम्ही आत्ताच येता का इकडे? गाडी थेल्मांना चालवू दे. मी थांबते तुमच्यासाठी. डॉक्टरांनाही थांबवते. आणि घाबरू नका, मॅडम."

"घाबरलेय," नोला म्हणाली, आणि वर्षभर दाबून धरलेला हुंदका बाहेर पडला. "खूप घाबरलेय गं मी."